वाघास जागा देणेबाबत

भविष्यनिर्वाह निधीचा बराचसा अंश खर्ची घालून बैठकीत बसवलेल्या, आरशाशी स्पर्धा करणाऱ्या आमच्या निष्कलंक टाइल्सचे अस्तित्व मान्य करण्यास माझ्या मोबाइलने साफ नकार दिला. गूगलवर वाघ शोधावा, एक बटण दाबावे आणि तो सावलीसकट, डरकाळीसकट आपल्या घरात उभा राहावा, ही सोय 2019 सालीच झाली असली, तरी तिचा यथेच्छ उपभोग जनतेने 2020 च्या टाळेबंदीत घेतला. पुण्याच्या नातवाने आपला वाघ दाखवल्यावर आमच्या गावी, विष्णुपुरीतही त्याच इतमामाचा वाघ असणे हा माझ्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला. साक्षात गोदावरी उपसून वर चढवणाऱ्या गावास एक वाघ जड जावा, हे मला नामंजूर होते.

‘फोन हळूहळू फिरवा’ असा हुकूम पडद्यावर झळकला, तो शिरसावंद्य मानून मी फिरवू लागलो. महसूल खात्यात हयात गेलेल्या माणसास हे काम परके नव्हते, कारण ती सरळसरळ मोजणी होती. आणि मोजणीचा विषय निघाला की माझी जीभ आवरत नाही. 33 फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे गणित मुखोद्गत असलेला मोजणीदारसुद्धा साखळी टाकण्यापूर्वी बांधावरचा दगड शोधी. कारण हद्दीची निशाणी सापडेपर्यंत जमीन कितीही सुपीक असो, दप्तराच्या दृष्टीने ती बेपत्ताच असते. दगड सापडला की मग चतुःसीमा, पंच, पंचनामा आणि भाऊबंदांची यथासांग हाणामारी. अशाच एका बांधावर दोन सख्खे भाऊ वीतभर दगडासाठी... परंतु प्रस्तुत प्रकरण वाघाचे आहे.

इथल्याच श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्थेत शिकणारा शेजारचा मुलगा कुंपणापलीकडून म्हणाला, “काका, फरशी लईच गुळगुळीत आहे तुमची. कॅमेऱ्याला धरायला काही खूणच नाही.” कॅमेरा म्हणे कोपरे, रेघा, डाग असे ठळक बिंदू टिपतो, फोन हलताच ते किती सरकले हे पाहतो आणि आतल्या संवेदकांनी कळवलेल्या हालचालीशी त्याचा मेळ घालून जमीन ठरवतो, चकाकत्या पृष्ठभागावर बिंदू सापडत नाहीत आणि प्रतिबिंबे दिशाभूल करतात. म्हणजे एकूण एकच, बांधाला दगड नाही! ज्या चकाकीसाठी मी गवंड्याशी रक्त आटवले, तिच्यामुळेच माझी बैठक बिनदप्तरी ठरली.

पत्नीने एक अक्षरही न उच्चारता माळ्यावरची सतरंजी आणून पसरली. टाइल्स बसल्यापासून ती टाकून द्यावी असा माझा लकडा होता: पट्टे विटलेले, कोपरा उसवलेला आणि मधोमध नातवाने सांडलेल्या शाईचा, कितीही धुतला तरी न हटलेला डाग. फोनने तिला क्षणार्धात मान्यता दिली आणि डागाशेजारी वाघ प्रकटला. त्याचे मागचे पाय कपाटात रुतले होते, पण त्याबाबत त्याची तक्रार नव्हती.

पत्नीची नजर मात्र डागावरच होती. वाघास पुण्याहून विष्णुपुरीस येण्यास परवाना लागला नाही. नातवास मात्र त्या टाळेबंदीत जिल्ह्याची हद्द ओलांडायची तर ई-पास हवा होता, पासास सबळ कारण हवे होते, आणि आजीला नातू पाहावासा वाटणे हे कारण कोणत्याही नमुन्यात छापलेले नव्हते. संताप आला, परंतु अशाच नमुन्यांवर उभे आयुष्य वेतन खाल्लेले असल्याने तो काढावा कुणावर, हे उमजेना.

अखेर, कलप ताजा असल्याने किंचित डाव्या अंगाने उभे राहून, वाघाच्या मस्तकावर हात ठेवलेले माझे छायाचित्र कुटुंबाच्या ग्रुपवर रवाना झाले. त्यात हात मस्तकाच्या वीतभर वर अधांतरी राहिला होता. लातूरच्या मेहुणीचा संदेश तत्काळ आला: “दाजी, वाघ राहू द्या. आक्काच्या लग्नातली सतरंजी अजून ठेवलीय की तुम्ही!”

टाइल्सचा त्यात उल्लेख नव्हता. कलपाचाही नव्हता.