नाकासमोरची सहल

स्वतः गाडी चालवत नाशिकला निवांत जाऊन येणे हा मुंबई-ठाण्याकडच्या मध्यमवर्गाचा दोन दिवसांचा उद्योग आहे. त्याची अंगे तीन : गाडी, गोदावरी आणि घोट. प्रत्येक अंग सुटे पाहिले तर निर्दोष आहे. तिन्ही एकाच शनिवारी एकत्र आली की गाडीतल्या एका माणसाचा घोट कापला जातो. त्या माणसाला चालक म्हणतात. बाकीच्यांचा निवांतपणा त्याच्या जिवावर चालतो.

शहराच्या नावाच्या दोन व्युत्पत्ती प्रचलित आहेत. पहिलीप्रमाणे लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक येथे कापले, म्हणून नासिक. दुसरीप्रमाणे गाव नऊ टेकड्यांवर वसले, म्हणून नवशिख. पर्यटकाला दोन्ही मान्य असतात, कारण सहलीत आधी नाके लागतात आणि शेवटी नाकी नऊ येतात.

सहलीचे हंगाम दोन आहेत. पावसाळ्यात धबधबे असतात आणि द्राक्षे नसतात. हिवाळ्यात द्राक्षे असतात आणि हॉटेलात खोल्या नसतात. नाशिकच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी घडासाठी. तोडणी मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात चालते. ऑगस्टमध्ये येणारे कुटुंब मांडवाखाली उभे राहून घड शोधते, पानांचे फोटो काढते आणि खाली 'द्राक्षांच्या राज्यात' असे लिहून मोकळे होते.

हिवाळ्याचे आकर्षण म्हणजे गुलाबी थंडी. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की ती बातमी होते आणि बातमी वाचून गाड्या निघतात. त्याच पाऱ्यामुळे पक्व होत आलेले मणी तडकतात, म्हणून बागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करतो आणि वेलींना पाणी सोडतो. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला त्या शेकोट्या दिसतात. तेथे प्रवेश शुल्क किती, अशी चौकशी होते.

'निवांत' या शब्दाचा या सहलीतला अर्थ पहाटे साडेचारचा गजर असा आहे. मुंबई-नाशिक अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे. पूर्वी कसारा घाट हा या प्रवासाचा कस मानला जाई. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि सुमारे ८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांमुळे घाट काही मिनिटांचा झाला. घाटात वाचलेला वेळ ठाणे-भिवंडीच्या कोंडीत सुरक्षित ठेवलेला असतो. तो तेथे आधीच भरून पुढे जायचे असते. बोगद्यात शिरताना मागच्या सीटवरचे 'आता घाटातली मजा राहिली नाही' असे म्हणतात. पूर्वी घाटात हेच लोक पिशवीत तोंड घालून बसत.

शहरात पोहोचल्यावर प्रथम मिसळ खातात. नाशिकची मिसळ पापड आणि दह्यासह येते आणि अलीकडे ती शहराबाहेरच्या मळ्यांत, झोपाळे आणि बैलगाडी यांच्या सान्निध्यात दिली जाते. रविवारी सकाळी तेथे यादीत नाव लिहून थांबावे लागते. काळ्या मसाल्याचा रस्सा पोटात गेला की नाकाडोळ्यांतून पाणी येते आणि पुढचे तीन-चार तास नाक निकामी होते. वाइनची परीक्षा मुख्यतः नाकाने होते. ती दुपारी ठेवलेली असते.

मिसळीनंतर गोदावरी. ही नदी येथून २८ किलोमीटरवरच्या त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिककर तिला गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणणारा माणूस दहा मिनिटांत परत येतो. शहराच्या वर १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूर धरण आहे. तेथून पाणी आवर्तनाने सुटते, म्हणजे नदीलाही आता सुट्टी मंजूर करून घ्यावी लागते. पाणी सुटले नाही की पात्रात पाणवेली पसरतात, आणि लांबून आलेल्यांना ती हिरवळ वाटते. पुराची नोंद पाटबंधारे खाते क्यूसेकमध्ये ठेवते आणि शहर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर ठेवते. पाणी मारुतीच्या कंबरेला लागले म्हणजे काय आणि छातीला लागले म्हणजे काय, हे सराफ बाजारातल्या दुकानदाराला कोष्टकाशिवाय कळते. पर्यटक हा मारुती फक्त कोरड्या पायांनी पाहतो आणि त्याची उंची उगाच वाढवलेली आहे असे मत देतो.

रामकुंडावर एकाच वेळी कोणी अस्थी विसर्जित करत असतो, कोणी पोहत असतो आणि कोणी उसाचा रस पीत असतो. बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो तेव्हा येथे लाखोंची गर्दी होते. त्या गर्दीसाठी रस्ते चांगले करायचे असल्याने ते आधी बराच काळ खणलेले असतात. सहलीतल्या कुटुंबाला मात्र रामकुंडापेक्षा वाहनतळ दुर्लभ असतो. चालक पंचवटीला सहा प्रदक्षिणा घालतो. हे पुण्य गाडीच्या नावावर जमा होते.

काळाराम मंदिर पेशवाईच्या उत्तरार्धात सरदार ओढेकरांनी काळ्या पाषाणात बांधले. याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. आजच्या पर्यटकाला याच दारात पाच मिनिटे थांबावे लागले तर तो घड्याळ पाहतो, कारण वाइन टेस्टिंगची वेळ अडीचची असते.

देव आधी की द्राक्षे आधी, हा वाद प्रत्येक गाडीत होतो आणि सकाळी देव, दुपारी द्राक्षे असा तह होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना दुपारच्या ठिकाणाची ओळख 'मळा' एवढीच करून दिली जाते. 'तीर्थ' या शब्दावरची कोटी गाडी उड्डाणपुलावर चढण्याआधी एकदा आणि उतरल्यावर एकदा केली जाते. ती इतकी जुनी आहे की तिच्यावर पुरातत्त्व खात्याचा निळा फलक लावायला हरकत नाही.

नाशिकची द्राक्षे वाइनमुळे वाढली असा समज गाडीत असतो. प्रत्यक्षात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातला बहुतेक माल खाण्याचा आहे. थॉमसन सीडलेस आणि तिच्या भावंडांच्या पेट्या युरोपपर्यंत जातात. भुरी, डाऊनी, अवकाळी आणि गारपीट यांतून वाचलेला घड व्यापाऱ्याच्या भावातून वाचतो की नाही यावर बागायतदाराचे वर्ष ठरते. वाइनच्या जाती वेगळ्या : शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ. त्यांचे मणी लहान, साल जाड आणि बिया पुष्कळ. पर्यटक वेलीवरचा एक मणी तोडून खातो, 'बियाच फार' म्हणून नाक मुरडतो आणि त्याच मण्याचा रस प्यायला रांगेत उभा राहतो.

महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनचा पाया पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला घातला गेला. शामराव चौगुले यांच्या शॅटो इंडाजने १९८० च्या दशकात तेथे फसफसणारी वाइन तयार केली. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये 'सुला' सुरू केली; नाव आईच्या 'सुलभा' या नावावरून घेतले. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले आणि पाठोपाठ वाइनऱ्या वाढल्या. गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी आज टेस्टिंग रूम, उपाहारगृहे आणि मुक्कामाच्या खोल्या आहेत. आईच्या नावाने काढलेल्या या जागी बहुतेक तरुण मंडळी आईला न सांगता येतात.

चाखण्याची रीत ठरलेली आहे. पेला दांडीला धरावा, उजेडात पाहावा, फिरवावा, त्यात नाक घालावे, मग घोट तोंडात घोळवावा. समजावून सांगणारा मुलगा या काळात गवत, ढोबळी मिरची, पेरू, लिंबाची साल आणि जळके लाकूड अशी नावे घेतो. द्राक्षाचे नाव तो घेत नाही. ते बाटलीवर असते. सकाळच्या मिसळीमुळे समोरच्यांना यातला एकही वास येत नाही, परंतु सगळे माना डोलवतात आणि एखादा 'शेवटी थोडी मिरची लागते' असे म्हणतो. ती त्याची स्वतःची असते. तुरटपणाला येथे टॅनिन म्हणतात. हाच गुण हिरड्यात असतो तेव्हा तो घरी कोणी मागत नाही.

शास्त्राप्रमाणे परीक्षकाने घोट पिकदाणीत थुंकावा, म्हणजे बुद्धी शाबूत राहते. ही पायरी पर्यटकाला अजिबात पटत नाही. पैसे देऊन घेतलेली वस्तू थुंकायची नाही आणि फुकट मिळालेला रस्ता कोरडा ठेवायचा नाही, हे त्याचे लहानपणापासूनचे वळण आहे. पिकदाण्या म्हणून कोऱ्या राहतात. त्यांचा खरा अधिकारी चालक; परंतु तोही थुंकत नाही, कारण तो घोटच घेत नाही. त्याच्यापुढे द्राक्षाचा रस ठेवतात. वास मात्र त्याला सगळ्या पेल्यांचा दिला जातो. गाडीत मिसळ न खाल्लेला तो एकटाच असल्याने, कारण सकाळी मिसळीच्या वेळीही तो वाहनतळ शोधत होता, गवत आणि पेरू खरोखर फक्त त्यालाच कळतात. त्याचे मत कोणी विचारत नाही.

या सर्वांवर कायद्याचा मांडव आहे. राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि त्याच कायद्याखालच्या परवान्यांनी दारू मिळते. पिणाऱ्याचा परवाना एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजन्म असतो आणि तो आरोग्याचे जतन व संवर्धन व्हावे या कारणासाठी दिला जातो. या हिशेबाने महाराष्ट्रातला प्रत्येक परवानाधारक औषध घेत असतो आणि शनिवारी साथ पसरते. वाइन या औषधात मोडते की फळाच्या रसात, हा प्रश्न निराळा. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला मान्यता दिली तेव्हा हा वाद राज्यभर पेटला. एका बाजूला शेतकऱ्याचे हित होते, दुसऱ्या बाजूला संस्कृती. शेकोटीजवळ बसलेल्या बागायतदाराने दोन्ही बाजू ऐकल्या आणि लाकडे पुढे सरकवली.

वाइन दारू आहे की नाही याबाबत मोटार वाहन कायद्याला मात्र शंका नाही. कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ते सोव्हिन्याँचे की हातभट्टीचे, असा रकाना त्यात नाही. स्वतः गाडी चालवत वाइन चाखायला जाणे ही कल्पना म्हणूनच एका वाक्यात नीट बसते आणि एका माणसात बसत नाही.

परतीचा प्रवास रविवारी सायंकाळी सुरू होतो. मागे चिवड्याच्या पिशव्या, द्राक्षांची पेटी आणि कागदात गुंडाळलेल्या बाटल्या असतात. इगतपुरीपर्यंत मागची सीट गाते, बोगद्यात झोपते आणि भिवंडीच्या कोंडीत जागी होऊन 'अजून इथेच?' असे विचारते. ठाण्याच्या अलीकडे नाक्यावर पोलीस गाडी थांबवतात. मागे चार माणसे आणि त्यांचा दरवळ असतो; नळी मात्र चालकाच्या तोंडापुढे धरली जाते. तो फुंकतो. यंत्र शून्य दाखवते. दोन दिवसांत चाखल्या गेलेल्या सगळ्या वाइनची सरकारदरबारी झालेली नोंद तेवढीच असते.