पनीरवाल्यांची पंचाईत

ऐकलंत का? बी विंगमधल्या धाकट्या सुनेने म्हणे दुधाचा रतीब बंद केला! सासू-सासरे चांगले हिंडते-फिरते असताना! आता घरात चहा होतो ओटच्या दुधाचा. विकतचा डबा दुधाच्या तिप्पट-चौपट महाग, म्हणून बाईसाहेब ओट भिजवतात, मिक्सरला फिरवतात आणि पंच्याच्या फडक्यातून गाळतात. ते उकळलं की चिकट होतं. आता तो चहा प्यायचा की चाटायचा? आणि सत्यनारायणाच्या पंचामृताचं काय, यावर तर महिला मंडळाची तातडीची बैठकच बसली.

कारण काय, तर म्हशीचे ढेकर! रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो, मिथेन तयार होतो आणि ढेकरावाटे बाहेर पडून पृथ्वी तापवतो. म्हणजे बिचारीने आता ढेकरही देऊ नये! पण पोरगी पक्की निघाली. पूर आणि नेमेचेक या संशोधकांचा ‘सायन्स’मधला 2018 सालचा अभ्यासच तिने मोबाइलवर उघडला. 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांची आकडेवारी! लिटरभर दुधामागे सरासरी 3 किलोंहून जास्त हरितगृह वायू, ओटच्या पेयामागे 1 किलोच्या आत. पाणी? दुधाला 628 लिटर, ओटला 48. बदामाच्या दुधाची ऐट मिरवणारे ए विंगवाले गालात हसत होते, तेवढ्यात त्यांचाही आकडा निघाला: 371!

पण खरा गौप्यस्फोट पुढेच. आमची सोसायटी शुद्ध शाकाहारी. कोंबडी खाणाऱ्याला इथे भाड्यानेही जागा मिळत नाही. आणि ही बया म्हणते, किलोभर चिकनमागे सरासरी 10 किलो वायू, चीजमागे तब्बल 24! गच्चीवर पनीर टिक्क्याच्या शेगडीला वारा घालणाऱ्या सेक्रेटरींचा हात थबकला. ‘‘यादीत पनीर कुठाय?’’ त्यांनी दरडावून विचारलं. ‘‘नाहीये काका,’’ सून गोड आवाजात म्हणाली, ‘‘पण किलोभर पनीरला पाचेक लिटर दूध लागतं. तीन पंचे पंधरा. चिकनच्या पुढेच गेलात की!’’

शिव शिव! म्हणजे जिन्यात सुक्या चिकनचा वास आला म्हणून नोटिसा चिकटवणारे आपण, आणि हिशेबात मात्र तो चिकनवाला आपल्यापेक्षा सोवळा?

अर्थात मांसाहारी मंडळींनीही लगेच कॉलर ताठ करायचं कारण नाही. मटणाचा आकडा 40च्या घरात आहे आणि गोमांस त्याच्याही कितीतरी पुढे. सगळ्यांत गरीब निघाली ती आपली उसळ-आमटी. किलोभर कडधान्यामागे 2 किलोही वायू नाही, पण तिचा फोटो कोण टाकतो?

तेव्हा आमचा निवाडा ऐका. रतीब तोडायलाच हवा असं नाही, पण चीज-पनीर आणि मटण सणासुदीला, रोजच्याला कडधान्य. आणि शेजाऱ्याच्या कढईत डोकावण्याआधी आपला फ्रीज एकदा उघडून बघा.