जंजिऱ्याचा सौदा आणि हजार लुमेन

रात्री डोंगरवाटांवर धावणाऱ्या माणसाच्या कपाळावर पट्ट्याने बांधलेल्या विजेच्या दिव्याला बाजारात 'हेडलॅम्प' आणि बाजाराबाहेर 'डोक्यावरची बॅटरी' म्हणतात. मराठी मुलखात मस्तकदीपाची परंपरा जुनी आहे. १६६३ मध्ये लाल महालावर छापा घातल्यानंतर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच दिशेला पिटाळल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे, आणि वरातीपुढे डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसे तर अगदी अलीकडेपर्यंत दिसत असत. या दोन्ही प्रकारांत ज्याच्या डोक्यावर दिवा असे, त्याला सोडून इतर सर्वांना त्याचा उपयोग होई. हेडलॅम्पमुळे हा अन्याय दूर झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

सुरतेहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील सचिन हे गाव अशा दिव्याची पारख करण्यास सर्वस्वी गैरसोयीचे आहे, कारण तेथे डोंगर नाही आणि अंधारही नाही. तेथील जीआयडीसीत, म्हणजे गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत, माग रात्रपाळीलाही खडखडत असतात आणि रस्त्यावर इतका उजेड असतो की मध्यरात्री टपरीवरच्या कटिंगमध्ये पडलेले चिलटही गिऱ्हाइकाला आणि मालकाला एकाच वेळी दिसते. ज्याला खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या वाडवडिलांनी सपाटीवर आणून वसवले आणि ज्याला आता पुन्हा चढाची ओढ लागली आहे, असा येथील मराठी धावपटू म्हणूनच अंधाराचा कोणताही अनुभव पदरी नसताना दिवा घ्यायला निघतो.

कागदावरच्या मालाला भुलण्याचा या गावाशी ऐतिहासिक संबंध आहे. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका वारसाने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि त्याच्या मोबदल्यात सचिनचा मुलूख मिळवला. वारसाला सचिन मिळाले, त्याच्या वंशजांनी तेथे १९४८ पर्यंत नबाबी केली, आणि पेशव्यांच्या हाती जंजिरा कधीच आला नाही. हेडलॅम्पच्या खोक्यावरील मजकूर वाचताना हा तह स्मरणात ठेवणे हितावह ठरते.

"भाऊ, आ तो हजार लुमेन छे," असे सांगून दुकानदार खोके पुढे सरकवतो. लुमेन हे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. तो प्रकाश वाटेवर पडतो की आंब्याच्या शेंड्यावर, याची जबाबदारी लुमेन घेत नाही. त्याशेजारी छापलेले मीटरमधील अंतर, प्रचलित प्रमाणाप्रमाणे, जेथे उजेड पाव लक्स उरतो तेथपर्यंत मोजलेले असते, आणि पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. त्यामुळे पौर्णिमेच्या रात्री अंतराचा हा आकडा काय मोजतो, हे चंद्रालाच विचारावे लागेल. 'चाळीस तास' याचा अर्थ असा की मूळ प्रकाशाचा एक दशांश उरेपर्यंत घड्याळ चालूच ठेवले जाते. हा हिशेब पगाराला लावला, तर दहावा हिस्सा हातात पडला तरी नोकरी चालूच आहे असे समजावे लागेल. 'आयपीएक्स ४' ही खूण दिवा चहूबाजूंनी उडणारे पाणी सोसतो एवढेच सांगते, ओढ्यात बुडणे सोसतो असे नाही. ही सगळी माहिती कानावर घेऊन धावपटू अखेर पट्टा डोक्याला बसतो का एवढेच पाहतो आणि पैसे देतो.

सचिनहून डोंगर गाठण्याचा रसिक मार्ग बिलीमोऱ्यावरून जातो. तेथून वघईला जाणारी अरुंद रुळांची गाडी बडोद्याच्या गायकवाडांच्या राजवटीत १९१३ मध्ये सुरू झाली, आणि ६३ किलोमीटरचे अंतर ती सुमारे तीन तासांत कापते. हा वेग अव्वल मॅरेथॉनपटूच्या वेगाइतकाच असल्याने खिडकीशी बसलेल्या धावपटूच्या मनात उतरून पळावे की काय, असा विचार वारंवार येतो. तिकीट काढलेले असल्यामुळे तो टिकत नाही. वघईपुढे डांगच्या सागवनातून घाट चढत सापुतारा येतो आणि त्याच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीत, हातगडाचा पायथा.

पावसाळ्यात या पायथ्याशी जे धुके उतरते, त्याचा उल्लेख कोणत्याही खोक्यावर नसतो. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. त्यांच्यावर आदळलेला प्रकाश मागे परततो आणि दिवा डोळ्यांच्या अगदी वरच असल्यामुळे तो सरळ डोळ्यांतच शिरतो. हजार लुमेन पेटवताच धावपटूपुढे चुना फासलेली भिंत उभी राहते, आणि तो स्वतः मात्र पलीकडच्या पाड्यालाही दिसू लागतो. शिंगांना पलिते बांधलेल्या बैलाची आणि त्याची अवस्था या घटकेला एकच असते.

अशा वेळी ओढ्याकडून खेकडे धरणारा कोणी गावकरी येतो. त्याच्या हातातली दोन सेलची बॅटरी गुडघ्याजवळ झुकलेली असते, कारण खेकडे कपाळाच्या उंचीवर राहत नाहीत. खाली धरलेल्या दिव्याचा परतणारा प्रकाश डोळ्यांना टाळून जातो, शिवाय तिरप्या उजेडात प्रत्येक दगडाची सावली लांब पडून खाचखळगा कळतो. कपाळावरचा दिवा मात्र दगडाची सावली दगडामागेच लपवतो. हे प्रकाशशास्त्र गावकरी एका वाक्यात आटोपतो: "भाऊ, बत्ती खाली घे, म्हणजे वाट दिसंल."

धावपटू दिवा कपाळावरून उतरवून कमरेला बांधू पाहतो आणि तेव्हा त्याच्या ध्यानात येते की पट्टा डोक्याच्या मापाचा आहे. खेकड्यांच्या पिशवीचे तोंड बांधण्यासाठी आणलेली सुतळी गावकरी उदारपणे तोडून देतो, आणि हजार लुमेन प्रथमच वाटेवर पडतात. सह्याद्रीत पावसाळी रात्री धावू इच्छिणाऱ्याने हेडलॅम्प निवडताना पट्टा कमरेला पुरतो की नाही हे आधी पाहावे, असा निष्कर्ष यातून निघतो. ते माप अद्याप कोणी खोक्यावर छापत नसल्यामुळे सचिनच्या दुकानात दिवा कमरेला गुंडाळून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाकडे सध्या संशयाने पाहिले जाते.