किल्ली मयताच्या खिशात

हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे मुळशी तालुक्यात, पार भरे गावापर्यंत, ‘सिस्टिम हँग झाली’ हे वाक्य कुणाला समजावून सांगावे लागत नाही. का झाली, हे मात्र कधीकधी खुद्द सिस्टिमलाही सांगता येत नाही. लिनक्सचे कर्नल कोसळले की एक सीपीयू बाकीच्यांना जागच्या जागी थांबवतो आणि शेवटचा जबाब सीरियल पोर्टवर लिहायला घेतो. थांबवलेल्यांपैकी एखाद्याने नेमके त्याच पोर्टचे लॉक धरलेले असले, की संपलेच: पंचनाम्याचे कागद कपाटात आणि किल्ली मयताच्या खिशात! मग लॉक हवेच कशाला? कारण एरवी दोन सीपीयूंची अक्षरे एकमेकांत घुसतात आणि धड एक ओळ वाचता येत नाही. बरे, कुलूप फोडावे, तर यंत्र अर्ध्या कामात असते. 2020 मध्ये कर्नलच्या 5.10 आवृत्तीने नोंदी साठवणारा बफर बिनलॉकचा केला. त्या पोर्टवर छापण्याचे लॉक मात्र तसेच राहिले. ठरल्या वेळेत प्रतिसादाची हमी देणारी रिअल-टाइमची सोय 2024 च्या 6.12 पर्यंत मुख्य कर्नलबाहेर ताटकळली, तीही शेवटी याच छपाईपाशी. आता तातडीच्या कामाला कन्सोलची, म्हणजे नोंदी छापण्याच्या वाटेची, मालकी हिसकावता येते, पण आधीचा मालक सुरक्षित टप्प्यावर असेल तर. सिस्टिमच अगदी मरणाच्या दारात असेल, तर नियम गुंडाळून. अर्थात, ड्रायव्हर नव्या पद्धतीचा असेल तरच. जुने ड्रायव्हर एकेक करून बदलायचे आहेत. तोवर कोसळणाऱ्याने जरा दमाने घ्यावे.