बिनक्लचची इंपाला

ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारता येत नाही. मुंबई-पुण्यात हा दोष कुणाच्या लक्षातही येणार नाही. तिथे गाडी बंद पडली की माणूस फोन काढतो. जळगाव जामोदला गाडी बंद पडली की न बोलावता चार पोट्टे येतात. त्यातला एक काच खाली करायला लावतो आणि "दुसऱ्यात टाका, क्लच दाबून ठेवा, म्या म्हनलं की सोडा" असा कारभार हाती घेतो. गाडी कुणाचीही असो, ती सुरू करणं हे गावकीचं काम. म्हणून तात्यांची १९६४ सालची शेवरोले इंपाला गावात आली तेव्हा तिची लांबी-रुंदी पाहून गाव हरखलं आणि तिला क्लच नाही हे कळल्यावर जरा नाराजच झालं.

खरं तर अशा गाड्या या देशात जन्मलेल्याच नव्हत्या. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ साली सुरू झाला आणि १९५४ साली बंद पडला. इंपाला हे नाव आलं १९५८ च्या मॉडेलला. म्हणजे ती आयात होऊनच यायची, बऱ्याचदा वकिलातीतल्या साहेबाच्या दारातून, आणि मग हात बदलत बदलत सिनेमावाल्यांकडे, संस्थानिकांकडे, शेवटी जिनिंगवाल्या तात्यांकडे.

तिच्यात पॉवरग्लाइड नावाचा गिअरबॉक्स होता. पुढे जायला गिअर दोनच. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचऐवजी तेल: दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवावेत, एक चालू करावा आणि त्याच्या वाऱ्यावर दुसरा फिरू लागावा, तसा प्रकार. फक्त वाऱ्याच्या जागी लाल तेल. हे तेल जोवर आत असतं तोवर गाडी लोण्यासारखी चालते म्हणतात. आमच्याकडे ते बहुतेक वेळा अंगणातल्या फरशीवर असे. सील वाळलेली, आणि नवी सील मिळतील अशी शक्यता खामगावपर्यंत नाही. इंजिन सुरेख गुरगुरायचं, आणि गाडी जागच्या जागी उभी.

मिस्त्री आले, खाली शिरले, बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "तात्या, हिच्यात क्लचच नाई त धक्का कशाले मारता? मंग काय आरती करता?"

तात्यांनी पुस्तकात वाचलं होतं की त्या काळच्या पॉवरग्लाइडला मागच्या बाजूलाही एक पंप असतो, आणि तेल शाबूत असेल तर गाडी ढकलून सुरू होऊ शकते. फक्त त्यासाठी तिला ताशी चाळीसेक किलोमीटरचा वेग द्यावा लागतो. एवढ्या वेगाने पळणारे पोट्टे गावात असते तर ते एव्हाना पोलीस भरतीत लागले असते. गिअरबॉक्स बदलायचं ठरलं.

ऐकायला हे सोपं वाटतं: एक पेटी काढा, दुसरी बसवा. एका जपानी डिझेल गाडीचा पाच गिअरचा बॉक्स भंगारात मिळाला. पण त्याची बेल इंपालाच्या इंजिनावर बसेना, म्हणून मधली प्लेट अकोल्याच्या लेथवर कातून आणली. तो तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर गेला, तिथे जड फ्लायव्हील हवं. क्रँकच्या टोकाला गिअरबॉक्सचा दांडा टेकायला पायलट बुश हवा. ऑटोमॅटिकवाल्या क्रँकला तिथे कधी कधी नीट भोकच पाडलेलं नसतं, कारण कारखान्याच्या मते त्याची गरज कधी पडणारच नसते. प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स केला. तिसरं पेडल आलं. सगळं जुळलं आणि चावी फिरवली तर स्टार्टर ढिम्म. ऑटोमॅटिकमध्ये दांडा पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टरला करंट न देणारा एक स्विच असतो. गिअरबॉक्स गेला तरी तो इमानाने परवानगीची वाट पाहत होता. मिस्त्रींनी दोन वायरी एकत्र पिळून त्याला सेवानिवृत्त केलं.

त्याआधी क्लच प्लेट मुंबईहून निघाली ती खानदेशातल्या जळगावला जाऊन बसली. हे आमच्या गावाचं जन्माचं दुखणं. पत्त्यावर 'जामोद' कितीही ठळक लिहा, पार्सलवाल्याच्या डोक्यात केळीच येतात. तात्या रोज चौकशी करत. शेजारच्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून पावसाचं, पिकाचं भाकीत सांगतात. तिथेही तात्यांनी आडून विचारलं म्हणे. क्लच प्लेट मांडणीत नसते, असं उत्तर मिळालं.

नवा दांडा जमिनीतून वर आला, आणि तिथेच घरात तंटा झाला. इंपालाच्या पुढच्या अखंड सीटवर तिघं ऐसपैस बसत. मधली जागा काकूंची. आता तिथे गिअर. काकू म्हणाल्या, "माह्या जागेवर लोखंड आणून ठेवलं, अन् म्हणता गाडी सुधरली." तात्यांकडे याला उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कुणाकडेच नाही. अख्ख्या उद्योगात मला खटकलेलं नुकसान हे एवढंच.

पुण्याहून आलेल्या एका जाणकार पाहुण्यांना मात्र दुसरंच खटकलं. मूळपण गेलं, म्हणाले. माणूस चुकीचं बोलत नव्हता. साठ वर्षं जपलेली वस्तू मिस्त्रीच्या हवाली करताना कुणाचं तरी काळीज हलायला हवंच. त्यांनी २०२१ चा केंद्राचा नियमही सांगितला: पन्नास वर्षांपुढची गाडी मूळ रूपात असेल तर तिला 'व्हीए' मालिकेचा खास व्हिंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. तात्यांनी तो नियम मागवून चष्मा लावून वाचला. चासी, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार नको, असं त्यात होतं. जुना पॉवरग्लाइड तेल लावून, पोत्यात गुंडाळून सरकीच्या गोदामात ठेवलेला होताच.

"सरकारनं गिअरबॉक्सचं नाव नाई घेतलं," कागदाची घडी घालत तात्या म्हणाले, "मंग आपुन काऊन घ्याचं?"