पंधरा ते आठ

भूमितीच्या पुस्तकात आकारांची वतनं ठरलेली असतात. त्रिकोणाला अख्खी जहागिरी: काटकोनी, समद्विभुज, एकरूप, समरूप, आणि वर खुद्द पायथागोरस. वर्तुळाकडे पाय आहे, स्पर्शिका आहे, आणि परीक्षेत हमखास येणारं प्रमेय आहे. चौकोनाच्या घरात आयत, समलंब, समांतरभुज असे इतके भाऊबंद, की कुणाचा कर्ण कुणाला दुभागतो याचा तंटा वर्षभर चालतो. षटकोनाच्या वाट्याला मात्र एक ओळ. सहा बाजू, अंतर्गत कोनांची बेरीज ७२० अंश, पान उलटा. ‘पेपरात षटकोन आला तर मेलो’ असं म्हणणारा विद्यार्थी मी पाहिलेला नाही. आणि ज्याला कुणी घाबरत नाही त्याला आपल्याकडे कोण विचारतो?

तरी तो शाळेत भेटतोच, वहीच्या शेवटच्या पानावर. सर फळ्याकडे वळले की कंपासपेटी उघडते. एक वर्तुळ काढायचं आणि तेच अंतर ठेवून कंपासचं टोक परिघावर रोवत पुढे सरकायचं. बरोबर सहाव्या उडीला कंपास निघाल्या जागी परत येतो आणि पानावर सहा पाकळ्यांचं फूल उमलतं. पाकळ्यांची टोकं जोडली की नियमित षटकोन हजर. त्याची बाजू म्हणजेच वर्तुळाची त्रिज्या, त्यामुळे मोजायला काही लागत नाही. सप्तकोनाचं असं करून बघा! कंपास आणि पट्टी एवढ्यावर तो अचूक निघूच शकत नाही, हे गणितज्ञांनी सिद्ध करून ठेवलंय. शिवाय या षटकोनाची परिमिती व्यासाच्या नेमकी तिप्पट, आणि वर्तुळ त्याच्या बाहेरून वळसा घालतं, म्हणून पाय तीनाहून थोडा जास्त. शेवटच्या बाकावर अशी उच्च दर्जाची भूमिती चालू असताना आमच्या सरांनी खडूचा तुकडा फेकला, तो मात्र सरळ रेषेत आला.

गॅरेजमध्ये षटकोनाला खरा मान. मेकॅनिक पोऱ्यावर ओरडतो, ‘दहा-अकराचा पाना दे!’ म्हणजे ज्या नटाच्या समोरासमोरच्या बाजूंत दहा किंवा अकरा मिलिमीटर अंतर आहे, त्याचा. इंजिनाच्या सांदीत हात जेमतेम शिरतो. चौकोनी नट असता तर पाना पुन्हा बसवण्याआधी ९० अंश फिरवावा लागला असता, षटकोनीला ६० पुरतात. बाजू आणखी वाढवाव्यात, तर कोपरे बोथट होऊन पाना सटकतो. सटकून सटकून नटाचे कोपरे झिजले की मेकॅनिक जाहीर करतो, ‘साहेब, नट गोल झाला.’ त्या वाक्यानंतर बिल नेहमी वाढतं. वर्तुळाला परिपूर्ण आकार मानणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञांकडे स्कूटर नव्हती.

पण षटकोनावरचा माझ्या माहितीतला सर्वांत मोठा अधिकार म्हणजे आमची मावशी. तिला षटकोन हा शब्द मंजूर नाही. ती त्याला ‘पंधरा ते आठ’ म्हणते. दिवाळीत गेरू सारवून झाला की मधल्या ओळीत १५ ठिपके. वरच्या आणि खालच्या ओळीत १४-१४, तेही आधीच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये. असं एकेक कमी करत दोन्हीकडे आठावर थांबायचं. झाला षटकोन, प्रत्येक कडेला ८ ठिपके. आतल्या कुठल्याही ठिपक्याला सहा शेजारी, त्यामुळे फुलं, चांदण्या, कमळं आपोआप वळतात. यासाठी तिच्याकडे उदबत्तीनं भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद आहे. तो कुणालाही उसना मिळत नाही.

एकदा मी ते ठिपके मोजले. १६९ भरले, म्हणजे तेराचा वर्ग. मी उत्साहानं म्हटलं, ‘मावशी, एवढ्याच ठिपक्यांत तेरा-तेराचा चौकोन होतो!’

‘होत असेल. कमळ वळतं का त्यात?’

मी तरी सांगितलं, की असा योग दुर्मीळ असतो. नऊ ते पाचाचे ६१, अकरा ते सहाचे ९१, तेरा ते सातचे १२७; यांतला एकही वर्ग नाही. पंधरा ते आठानंतर वर्गसंख्या येते ती थेट ३२,७६१ ठिपक्यांवर, म्हणजे रांगोळी २०९ ते १०५ ची. इंचभर अंतर धरलं तरी मधल्या ओळीलाच सतरा फुटांहून जास्त अंगण लागेल. मावशीच्या दारासमोर दोन फरश्या आहेत, आणि त्यातल्या एकीवर शेजाऱ्यांचा चपलांचा स्टँड.

मधमाश्यांनाही तिनं असंच निकालात काढलं. सपाट जागा फटी न ठेवता एकाच नियमित आकारानं भरायची, तर त्रिकोण, चौरस आणि षटकोन एवढेच चालतात. त्यांत तेवढ्याच जागेला सर्वांत कमी भिंत षटकोनाला लागते, म्हणून मेणही कमी. अलेक्झांड्रियाच्या पॅपसनं चौथ्या शतकात या निवडीबद्दल माश्यांचं कौतुक केलं होतं. पण सगळ्या शक्य आकारांत षटकोनच सर्वांत काटकसरी, याची सिद्धता थॉमस हेल्सनं दिली ती १९९९ मध्ये.

‘तोवर माश्या काय थांबल्या होत्या?’ मावशी म्हणाली.

अंधेरीची गिल्बर्ट हिल तिला दाखवली तेव्हा मात्र ती कौतुकानं बघत राहिली. सुमारे साठ मीटर उंच काळा बसाल्ट, उभे खांब एकमेकांना चिकटलेले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आकसला, तडे गेले, आणि तडे १२० अंशांच्या आसपास भेटले की ताण सारखा सुटतो, म्हणून खांब षटकोनाकडे झुकतात. सगळे नाही, अशा खडकांत पाच बाजूंचे असतात, सातांचेही. ‘कागद न ठेवता काढलं की असंच होतं,’ असा तिचा शेरा. मग वर जाऊन गावदेवीला नमस्कार करून आली.

परवा तिला मोबाइलवर शनीचा उत्तर ध्रुव दाखवला. व्हॉयेजर यानांच्या छायाचित्रांत तिथे ढगांचा एक षटकोन सापडला आणि पुढे कॅसिनीनं तो जवळून टिपला. एकेक बाजू सुमारे १४,५०० किलोमीटर, आपल्या पृथ्वीच्या व्यासाहून लांब. वाऱ्याचा झोत तिथं सहा वळणं घेत फिरतोय, दशकानुदशकं, न पुसता. मावशीनं चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि कडा तपासल्या.

‘काढलाय बरा,’ ती म्हणाली. ‘पण इतक्या लोकांना साडेसाती लावून याला रांगोळीला वेळ मिळतो कधी?’