शिळोद्यानाचे सुभेदार

इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात ज्या निवृत्त गृहस्थांच्या घरी मी दोन वर्षे बिऱ्हाडकरू होतो, त्यांनी परसातल्या दक्षिणाभिमुख, दिवसभर उन्हात तापणाऱ्या उतारावर एक शिळोद्यान उभारले होते. आणि फुलांविषयी विचारले असता ते दगडांविषयी बोलू लागत, यावरून हा पुरुष त्या संप्रदायातला अस्सल दीक्षित आहे हे जाणत्याने ओळखावे. प्रत्येक शिळा निम्म्याहून अधिक जमिनीत गाडलेली, सर्वांचे थर एकाच दिशेला कललेले. जणू विश्वकर्म्याने सृष्टीच्या आरंभीच तो कोपरा साहेबांच्या नावे करून दिला होता. या शास्त्राचे आचार्य रेजिनाल्ड फॅरर यांनी १९०७ साली दगड टोचून उभ्या केलेल्या बागेला बदाम खोचलेल्या पुडिंगची, तर दुसऱ्या एका प्रकाराला कुत्र्याच्या थडग्याची उपमा दिली होती. साहेब शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे पाहून न चुकता पहिली पुटपुटत. शेजाऱ्याने दुसरी राखून ठेवली असावी, असा माझा कयास आहे.

हा सारा बंदोबस्त होता तो पास्क-फूल नामक वीतभर रोपासाठी. थंडीला ते भीत नाही, पण मुळाशी पाणी साचले की संपले. म्हणून मातीत चुनखडीची खडी कालवून साहेब हिवाळाभर त्यावर काचेचे तावदान धरीत. मुळी खोल जाते, आणि बदलीचा हुकूम धुडकावणाऱ्या जुन्या कारकुनाप्रमाणे एकदा बसलेले हे रोप जागचे हलवलेले खपवून घेत नाही. याच परगण्यात, रॉयस्टनजवळच्या थेरफील्ड हीथच्या माळावर, ते कोणाच्याही मेहरबानीवाचून हजारोंनी फुलते. परंतु ही गोष्ट साहेबांपुढे काढणे म्हणजे बिऱ्हाड सोडण्याची नोटीस मागून घेणे होते.

पास्क म्हणजे ईस्टर. हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कोठेही येतो, आणि फुलाने त्याच दिवशी हजर व्हावे अशी साहेबांची अपेक्षा असे. गैरहजेरीची नोंद रोजनाम्यात तांबड्या शाईने होई. दुसऱ्या वर्षी सणाला पाहुणे जमले, चहा झाला, सर्वजण उतारापाशी रांगेने उभे राहिले, आणि लोकरीत गुरफटलेली ती कळी मान खाली घालून मुकाट बसली.

पुढच्या मंगळवारी साहेब दंतवैद्याकडे गेले असता ऊन पडले. जांभळा पेला उघडला, आत पिवळेधमक केसर. मी एकट्यानेच पाहिले. साहेब परतेपर्यंत आभाळ भरून आले होते आणि फूल मिटले होते. मी काही बोललो नाही.